ऑइल गेलं कुठे?

पिकअपच्या स्टँडवर त्याला सगळे नाडी म्हणायचे. गाडी कसलीही कुरकुर करत असो, हा आधी बॉनेट उघडायचा, तळहात इंजिनाच्या अंगावर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि नुसता उभा राहायचा. वैद्याने मनगट धरावं तसा. हे नाव पहिल्यांदा बायकोच्या कानावर गेलं तेव्हा ती चांगलीच तापली होती. "उद्या कुणी भर रस्त्यात 'नाडी सुटली' म्हणून ओरडलं, तर मी तोंड कुठे लपवू?" यावर तो पोट धरून हसला होता. मग नाव चिकटलंच.

स्टँड म्हणजे गोदामांच्या मागची एक लांबलचक भिंत आणि तिच्या सावलीला ओळीने लागलेल्या अठ्ठावीस पिकअप. प्रत्येक गाडीचा मालक तोच तिचा ड्रायव्हर. कुणी बर्फ पोचवायचा, कुणी कोंबड्या, कुणी फरशा आणि सिमेंट. भाडं येईपर्यंत सगळे जमिनीवर पुठ्ठे अंथरून बसायचे आणि गाड्यांविषयी बोलायचे. घरच्या माणसांविषयी बोलणार नाहीत इतकं गाड्यांविषयी बोलायचे.

नाडीने कधी गॅरेजात काम केलं नव्हतं. त्याची पहिली पिकअप चार मालकांच्या हातून त्याच्याकडे आली होती. ती रस्त्यावर कमी आणि रस्त्याच्या कडेला जास्त असायची. दर वेळी मिस्त्री बोलावणं झेपणारं नव्हतं, म्हणून तो स्वतःच खाली घुसायला लागला. वीस-बावीस वर्षांत तीन गाड्या झाल्या आणि त्याचा हात असा बसला की गॅरेजवालेसुद्धा अडले की त्याला निरोप धाडायचे.

बर्फवाल्याच्या गाडीचा किस्सा स्टँडवर सगळ्यांना तोंडपाठ होता. गाडी सपाटीला सुसाट पळायची आणि तासाभराने चढाला लागली की धाप लागून बंद पडायची. दोन गॅरेजांनी फिल्टर बदलले, पंप खोलला, हात टेकले. नाडीने त्या दिवशी इंजिनाला हातही लावला नाही. बर्फवाल्याला समोर बसवलं आणि विचारत सुटला. कधीपासून? त्याच्या आधी काय झालं होतं? काय बदललं? काय हरवलं? शेवटी बर्फवाल्याला आठवलं, डिझेल टाकीचं झाकण पडलं म्हणून दुसऱ्या कुठल्याशा गाडीचं बसवलं होतं. नाडी उठला, झाकण अर्धा आटा सैल केलं आणि म्हणाला, "जा, चढ चढून ये." त्या झाकणाला हवा आत जायचं भोकच नव्हतं. डिझेल बाहेर ओढलं जायचं आणि त्याची जागा घ्यायला टाकीत हवा शिरत नव्हती. बर्फवाला चढ चढून आला तो हॉर्न वाजवतच आला.

"गाडी खोलायच्या आधी मालकाला बोलतं करायचं," नाडी म्हणायचा. "अर्धी गाडी त्याच्या तोंडात असते."

ब्रेकच्या बाबतीत तर तो फार कडक होता. पाणी उडतं, इंजिन ऑइल थोडंफार जळतं, डिझेल संपतं. पण ब्रेक ऑइल बंद नळीतलं. लायनर झिजतील तसं जरासं उतरेल, बस. धपकन कमी झालं तर बाटली हातात घेण्याआधी एकच विचारायचं, ऑइल गेलं कुठे? आणि ते सापडेपर्यंत गाडी हलवायची नाही. हे त्याने इतक्यांदा सांगितलं होतं की कोंबडीवाला त्याची नक्कल करून दाखवायचा, कमरेवर हात, एक भुवई वर, "ऑइल गेलं कुठे?"

मग मोबाइल आले आणि नाडीचा दरबार फोनवर भरायला लागला. लांब कुठे गाडी अडली की मालक फोन करायचा. "फोन इंजिनाजवळ धर," नाडी म्हणायचा. "आता रेस दे. सोड." आणि इथे भिंतीला टेकून सांगायचा, पट्टा घसरतोय, की बेअरिंग गेलंय, की काही नाही, बिनधास्त ये. दहातल्या नऊ वेळा ते बरोबर निघायचं. दिवसाला पंधरा-वीस फोन यायचे. जेवताना डाव्या हातात फोन असायचा. बायको म्हणायची, "अहो, घास तरी गिळा. तुमच्यामुळे काही जगाच्या गाड्या चालत नाहीत." तो नुसता हसायचा. खरं तर त्याला आत कुठेतरी वाटायला लागलं होतं, की चालतात.

या फोन करणाऱ्यांत सगळ्यात जास्त फोन कंडक्टरचे असायचे. हा माणूस बसवर कंडक्टर होता. सव्वीस वर्षं तिकिटं फाडून त्याने लवकर निवृत्ती घेतली आणि मिळालेल्या पैशांतून एक जुनी पिकअप घेतली. स्टँडवरच्या घोळक्यातून वाट काढतानाही तो "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे" म्हणायचा. यंत्राचं त्याला काही कळत नव्हतं आणि ते तो मोकळेपणाने कबूल करायचा. टायरमध्ये हवा किती भरू इथपासून सगळं तो नाडीला विचारून करायचा. नाडी सांगेल ते एका छोट्या वहीत लिहून ठेवायचा. बाकीचे त्याची थट्टा करायचे. नाडीला मात्र तो आवडायचा. दोघांची घरं एकाच रस्त्यावर होती, येणं-जाणं होतं. कंडक्टरची बायको नाडीला भाऊजी म्हणायची आणि मुलगी काका.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला कोंबडीवाल्याच्या गाडीभोवती सात-आठ जण जमले होते. स्टँडवर एक नवा मालक आला होता आणि त्याला नाडीची करामत दाखवायची म्हणून सगळे हौसेने उभे होते. नाडीचे दोन्ही हात इंजिनात होते. फोन वाजला तसा त्याने तो खांदा आणि कान यांच्यात दाबून धरला.

कंडक्टर होता. डोंगरापलीकडे एका शाळेचं बांधकाम चाललं होतं, तिथे फरशा पोचवायला निघाला होता. चढ संपवून वर थांबला होता. "अरे, ब्रेकचं पेडल जरा मऊ लागतंय," तो म्हणाला. "आणि डब्यातलं ऑइल खालच्या रेघेच्याही खाली गेलंय. परवाच तर भरलं होतं."

परवाच भरलं होतं. हे शब्द नाडीने ऐकले. नंतर किती वेळा त्याने स्वतःला विचारलं, की नीट ऐकलेच नव्हते का? तर नाही, नीट ऐकले होते. पण समोर सात-आठ माणसं वाट बघत होती, नवा मालक टक लावून बघत होता आणि बोटाला नेमका तो सैल झालेला नट लागला होता.

"बाटली आहे ना जवळ? मग टाक ऑइल, पायाने ब्रेकला चार-पाच पंप मार आणि ये हळूहळू. घाबरतोस काय एवढा!" तो म्हणाला. शेवटचं वाक्य त्याने जरा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. माणसं हसली. कुणाचा फोन, कसला फोन, कुणी विचारलं नाही. असे फोन रोजचेच होते.

"बरं," कंडक्टर म्हणाला. "तू म्हणतोस तर निघतो."

अर्ध्या तासात तो उतारावर होता. मागच्या डाव्या चाकात ब्रेकचा जो छोटा सिलिंडर असतो, त्याचं रबर आधीच फाटत आलेलं होतं. त्याने भरलेलं ऑइल पहिल्या दोन वळणांतच तिथून बाहेर गेलं. पुढच्या चाकांचे ब्रेक एकट्याने सगळा भार धरत राहिले, तापले आणि सुटले. हँडब्रेक ओढला, पण तोही मागच्याच चाकांना धरणारा आणि तिथले लायनर ऑइलने चिंब झालेले. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, तरी मागे सव्वा टन फरशा होत्या. खालच्या वळणावर बसची वाट बघत माणसं उभी होती. तिथल्या दुकानदाराने नंतर सांगितलं, की हॉर्न अखंड वाजत होता आणि वळणाच्या अलीकडेच ड्रायव्हरने गाडी मुद्दाम डोंगराच्या अंगाला घातली. गाडी थांबली. फरशा थांबल्या नाहीत. मागची जाळी तोडून त्या केबिनमध्ये आल्या.

नाडी हॉस्पिटलात पोचला तेव्हा दुपार कलली होती. कंडक्टर शुद्धीवर होता. अंगाला इतक्या नळ्या लावल्या होत्या की हात कुठे धरावा ते कळेना. वहिनी, म्हणजे कंडक्टरची बायको, बाहेर डॉक्टरांशी बोलत होत्या. कंडक्टरने त्याला ओळखलं आणि ओठ हलवले. नाडी वाकला.

"पंप मारले रे," कंडक्टर म्हणाला. "तू सांगितलंस तसे मारले."

त्यात तक्रार नव्हती. आपण सांगितलेलं काम चोख केलं, एवढंच त्याला कळवायचं होतं. काही बोलावं म्हणून नाडीने तोंड उघडलं, तेवढ्यात नर्सने त्याला बाहेर काढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी कंडक्टर गेला.

गाडी ओढून आणली होती. तपासणी अधिकाऱ्याने चाक उघडलं आणि कारण लिहिलं, डाव्या मागील चाकाच्या सिलिंडरची जुनी गळती. हा कागद स्टँडवर पोचायला वेळ लागला नाही. आणि मग भिंतीच्या सावलीत जे बोलणं सुरू झालं, ते नाडी रोज खाली मान घालून ऐकत राहिला.

"जुनी गळती म्हणजे? महिनाभर तरी गळत असणार. दिसलं नाही याला?"

"त्याला काय कळतं यंत्रातलं? तिकिटं फाडायचा माणूस."

"वाईट झालं, पण चूक त्याचीच. एवढा माल घेऊन असा कुणी डोंगर उतरतं का?"

नाडी तिथेच बसलेला असायचा. एकदा कोंबडीवाल्याने त्यालाच विचारलं, "तू तर त्याला रोज शिकवायचास. मग हे कसं सुटलं त्याच्या नजरेतून?" नाडी म्हणाला, "काय माहीत." आणि उठून, गरज नसताना, आपल्या गाडीच्या टायरची हवा बघायला गेला. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते त्याला त्या दिवसांत पुरतं कळलं. बोलला असता तर कंडक्टरवरचा डाग निघाला असता. तेवढंच करायचं होतं आणि तेच होत नव्हतं.

घरी त्याचं जेवण तुटलं. फोन वाजला की तो दचकायचा आणि कुणी विचारलं तर "गॅरेजला दाखव" म्हणून ठेवून द्यायचा. बायकोने आठ-दहा दिवस बघितलं. मग एक दिवस त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि स्वतः समोर बसली. "मित्र गेल्याचं दुःख असं नसतं," ती म्हणाली. "तुम्ही काहीतरी गिळून बसलायत आतल्या आत. सांगा."

त्याने सांगितलं. सांगताना भाताकडे बघत राहिला. ऐकून झाल्यावर तो तिच्या तोंडून एखादा धीराचा शब्द येईल म्हणून थांबला. तिने भाताचं पातेलं झाकलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी कोण? जिला सांगायचं तिला सांगा." आणि ताट न उचलताच उठून गेली. तिचेही डोळे भरले होते, ते त्याला दिसू नयेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कंडक्टरच्या घरी गेला. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. वहिनी शाळेचे गणवेश शिवून द्यायच्या. खिडकीशी मशीन, शेजारी निळ्या हाफपँटींची चळत. मुलगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती, नुकतीच घरी आली होती. तिने खुर्ची पुढे सरकवली. तो बसला नाही.

"वहिनी, त्या दिवशी सकाळी त्याचा मला फोन आला होता."

वहिनींनी मशीनवरचा हात काढला नाही. "माहीत आहे," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटलने त्यांचा मोबाइल परत दिला. शेवटचा फोन तुम्हालाच आहे. एक मिनिट चाळीस सेकंद. एकोणीस दिवस झाले, भाऊजी. मी वाट बघतेय तुम्ही कधी येताय याची."

नाडीला वाटलं होतं, आपण एक गुपित घेऊन आलोय. इथे ते आधीच येऊन बसलेलं होतं.

"काय विचारलं त्यांनी?" वहिनी म्हणाल्या. "शब्द न् शब्द सांगा."

त्याने शब्द न् शब्द सांगितलं. परवाच ऑइल भरलं होतं तेही सांगितलं. आपण काय म्हणालो, कसल्या सुरात म्हणालो, माणसं हसली, तेही सांगितलं. मुलगी भिंतीला पाठ लावून उभी होती.

"तुमची स्वतःची गाडी असती," वहिनींनी विचारलं, "तर तुम्ही तसेच उतरला असता?"

नाडीला खोटं बोलायला एक क्षण मिळाला होता. "नाही," तो म्हणाला. "चाक उघडलं असतं. ते होईपर्यंत गाडी जागची हलवली नसती."

खालून मुलांच्या खेळण्याचा गलका वर येत होता. नाडीचा चेहरा वेडावाकडा व्हायला लागला तशा वहिनी म्हणाल्या, "इथे रडू नका. तुमचं समाधान करायला मला बळ नाही." मग त्यांनी मशीनखालचा कपडा ओढून काढला, त्यावर काहीच शिवलेलं नव्हतं.

मुलगी पहिल्यांदाच बोलली. "काका, लॅबमध्ये येणारे लोकसुद्धा मला सांगतात, तुझ्या बाबांनी गाडीकडे लक्ष दिलं नाही म्हणून. बाबा एक नटसुद्धा विचारल्याशिवाय फिरवायचे नाहीत. वही आहे त्यांची. हे तुम्ही आम्हाला सांगितलंत, बरं केलंत. आता तिथे जाऊन सांगा."

रविवारी मालकांच्या संघटनेची सभा होती. पत्र्याची एक खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर परवान्यांच्या चौकटी. अध्यक्षांनी शोकाचा ठराव वाचायला घेतला. शेवटी एक वाक्य होतं, की सर्व सभासदांनी वाहनाची वेळेवर देखभाल करावी, जेणेकरून अशा हलगर्जीपणाने पुन्हा कुणाचा जीव जाऊ नये.

नाडी उभा राहिला. "ते वाक्य खोडा," तो म्हणाला.

"का रे? चांगलं लिहिलंय की."

"हलगर्जीपणा त्याचा नव्हता. माझा होता."

आणि त्याने सगळं सांगितलं. तो काही बोलणारा माणूस नव्हता. मध्येच अडखळला, मागचं पुढे झालं. पण कुणी टोकलं नाही. "त्याने गाडी थांबवली होती," तो शेवटी म्हणाला. "त्याला संशय आला म्हणून वर थांबला, बॉनेट उघडलं, ऑइल बघितलं आणि मला विचारलं. जे करायला हवं ते सगळं त्याने केलं. जे मी तुम्हाला सगळ्यांना विचारतो, ते त्याला विचारलं नाही. तुम्ही सगळे बघत होतात, मला मोठेपणा हवा होता."

पंखा फिरत होता. मग कोंबडीवाला सावरून घ्यायला म्हणाला, "असू दे रे. फोनवर सांगितलेलं कोण एवढं मनावर घेतं?"

"तो घ्यायचा," नाडी म्हणाला.

बर्फवाला उठला. "आम्हीही घेतो," तो म्हणाला. "दोन पोरं शेजारच्या सीटवर घालून, तू ठीक आहे म्हणालास म्हणून, सासुरवाडीला गेलोय मी. तीन तासांचा रस्ता. तेव्हा तरी लक्ष होतं का तुझं?" उत्तराची वाट न बघता त्याने किल्ली उचलली आणि निघून गेला. अध्यक्षांनी पेन काढून ते वाक्य खोडलं. ठरावाच्या कागदावर ती काळी रेघ तशीच राहिली.

नाडी पोलीस चौकीतही गेला. तिथल्या अंमलदाराने जबाब लिहून घेतला आणि म्हणाला, "ब्रेक बघणं मालकाचं काम असतं. तुम्ही मिस्त्री नाही, पैसे घेतले नाहीत. यात तुमच्यावर काही येत नाही." नाडी तरी थोडा वेळ बसून राहिला. काहीतरी यावं असंच त्याला वाटत होतं. शेवटी अंमलदाराने त्याला, आता निघा, असं सांगितलं.

त्यानंतर त्याचा फोन थंड पडला. काहींनी राग धरला, काहींना काय बोलावं ते सुचेना. बर्फवाल्याने पिकअप भिंतीच्या दुसऱ्या टोकाला लावायला सुरुवात केली. जे समजूत घालायला यायचे, त्यांचा त्याला जास्त त्रास व्हायचा. "होतं असं, नशीब म्हणायचं" म्हटलं की त्याला वाटायचं, कंडक्टरला पुन्हा कुणीतरी डोंगरावरून खाली लोटलं. तो भाडी करायचा, घरी यायचा. इंजिनावर हात ठेवणं त्याने सोडलं. स्वतःच्या गाडीची मात्र महिन्यातून एकदा चारही चाकं खोलायला लागला. रविवारी सकाळी स्टँडच्या कोपऱ्यात एकटाच ड्रम काढून, पुसून, रबरं तपासून पुन्हा बसवायचा. चौथ्या-पाचव्या महिन्यात कोंबडीवाल्याने आपली गाडी शेजारी आणून लावली आणि जॅक काढला. पुढे आणखी दोघे आले. ठराव वगैरे कुणी केला नाही.

वर्ष होत आलं तेव्हा एका सकाळी वहिनी स्टँडवर आल्या. बरोबर त्यांचा धाकटा भाऊ होता, चाळिशीतला, शांत माणूस. ज्या कारखान्यात तो गाडी चालवायचा तो बंद पडला होता. कंडक्टरची पिकअप दुरुस्त होऊन आली होती आणि ती आता तो चालवणार होता. पुठ्ठ्यांवर बसलेली माणसं उठून उभी राहिली. वहिनी सरळ नाडीसमोर आल्या.

"माझ्या भावाला मी या गाडीत बसवतेय," त्या म्हणाल्या. "मन तयार होत नाही, पण घर चालायला हवं. गाडीची चाकं तुम्ही उघडायची. दर महिन्याला, आमच्या दाराशी येऊन. मी समोर उभी राहणार."

"वहिनी, चांगलं गॅरेज आहे, मी नाव सांगतो..."

"गॅरेज मलाही माहीत आहेत. मी तुम्हाला सांगतेय. आणि फोनवर एक अक्षर सांगायचं नाही."

तो महिन्यातून एका रविवारी जायला लागला. गाडी इमारतीच्या खाली उभी असायची. तो चाकांना दगड लावायचा, जॅक चढवायचा, नट सैल करायचा, ड्रम ठोकून काढायचा. वहिनी पायरीवर उभ्या राहायच्या. सुरुवातीला नुसत्या बघायच्या. मग विचारायला लागल्या, हे काय, ते कशाला. तो नाव सांगायचा, काम सांगायचा. रबराच्या टोपीची कड उचलून आतली बाजू दाखवायचा, ओल दिसते का. त्या वाकून बोटाने चाचपायच्या, बोट बघायच्या, पदराला पुसायच्या. कामापलीकडे बोलणं व्हायचं नाही. त्याला कधी वर बोलावलं गेलं नाही आणि तोही कधी जिना चढला नाही.

फोन हळूहळू पुन्हा यायला लागले. माणसाची गरज रागापेक्षा जास्त दिवस टिकते. पण आता तो एकच सांगायचा, "गाडी बाजूला घे. मी येतो." आणि खरोखर जायचा. भाडं टाकून जायचा, लांब असलं तर डिझेल वाचवायला बसने जायचा. एकदा कोंबडीवाल्याने लांबून फोन केला, की गाडीखालून टकटक आवाज येतोय. नाडी दोन बस बदलून, उन्हातान्हात तिथे पोचला, खाली झोपून सगळं तपासलं. नंबर प्लेटचा एक स्क्रू पडला होता, प्लेट हलत होती. कोंबडीवाला ओशाळून म्हणाला, "फोनवर ऐकलं असतंस तरी कळलं असतं तुला." नाडीने खिशातून तार काढून प्लेट बांधली. "कळलं असतं," तो म्हणाला आणि परतीच्या बसच्या थांब्याकडे चालायला लागला.

एकदा बर्फवाल्याचाही फोन आला. सभेच्या त्या रविवारनंतर तीन वर्षांनी. क्लच घसरत होता. नाडी गेला, प्लेट बघितली, काम करून दिलं. बर्फवाला सगळा वेळ रस्त्याकडे तोंड करून उभा होता. निघताना त्याने पाण्याची बाटली पुढे केली. नाडीने हात धुतले. तेवढंच.

पाचव्या वर्षी एका महिन्यात मागच्या उजव्या चाकाचा ड्रम काढला तर रबराखाली किंचित ओल होती. डोळ्याला दिसेल न दिसेल अशी. वहिनींनीच बोट लावलं आणि हात तसाच धरून ठेवला.

"हे तेच का?" त्यांनी विचारलं.

"तेच. आत्ता सुरू झालंय. पूर्ण फाटायला अजून बरेच दिवस लागले असते."

"पण फाटलं असतंच ना?"

"फाटलं असतं. म्हणून आज ही गाडी जाणार नाही."

भावाला एक भाडं होतं. त्याने घड्याळ बघितलं आणि ज्याचा माल होता त्याला फोन लावला. नाडी सायकल काढून नवा सिलिंडर आणायला गेला. दीड तासाने आला तेव्हा वहिनी तिथेच पायरीवर बसून होत्या, मांडीवर एक गणवेश, हाताने बटणं लावत. त्याने सिलिंडर बदलला. भाऊ आत बसून ब्रेक दाबत राहिला आणि हा खाली झोपून नळीतली हवा काढत राहिला. "दाब. धर. सोड. दाब." ब्रेकचं पेडल कडक झालं तेव्हा दुपार झाली होती.

नट आवळत असताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी तुम्हाला माफ केलेलं नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," नाडी म्हणाला.

"होईलसं वाटत नाही. मी बघितलं करून. होत नाही."

त्याने मान हलवली. हातातला पाना समोरासमोरच्या नटांवर क्रमाने फिरत राहिला.

"पुढच्या महिन्यात मात्र रविवारी नका येऊ," त्या जरा वेळाने म्हणाल्या. "मुलीला भेटायला तिच्या सासरी जायचंय. बाळ झालंय तिला. शनिवारी या."

"शनिवारी येतो."

भावाने गाडी सुरू केली, गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि जोरात ब्रेक लावला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. परत मागे घेतली, परत लावला. वहिनी पायरीवरून बघत होत्या. तिसऱ्यांदा गाडी थांबली तेव्हा त्यांनी हात हलवून भावाला जायला सांगितलं, गणवेश गोळा केला आणि जिना चढायला लागल्या. नाडीने जॅक उचलून सायकलच्या कॅरिअरला बांधला.